चोवीस तासांचा हिशोब



आपल्यापैकी जे कॅलिफोर्नियात डॉक्टर आहेत, त्यांना परवाना टिकवण्यासाठी दर दोन वर्षांत ५० तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. त्याच राज्यात कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्या पोलिसाला नियमाप्रमाणे किमान २४ तास पुरतात. माणसाचा जीव मात्र दोघांच्याही हातात असतो.

तास वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. २०२० साली मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून धरणारा डेरेक शॉविन काही नवशिका नव्हता. त्याचं शेकडो तासांचं प्रशिक्षण झालं होतं. इतकंच नव्हे, तर नवख्या पोलिसांना तोच शिकवत असे. 'आम्ही हे शिकवलेलं नाही,' अशी साक्ष पुढे खुद्द पोलीसप्रमुखांनी दिली. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी मात्र बहुतेक कारवाईविनाच मिटल्या होत्या.

म्हणजे शिकवलेलं रस्त्यावर उतरलं का, हे कुणीतरी विचारायला हवं. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून गंभीर गैरवर्तनाबद्दल पोलिसाचं प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार राज्याला दिला. डॉक्टरांना हा धाक पूर्वीपासूनच आहे.

उरलेलं काम आपलं. तिथल्या सिटी कौन्सिलच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. शाळांच्या प्रश्नांवर आपण हिरिरीने बोलतो. पोलिसांच्या बजेटच्या वेळीही उभे राहू या. तास किती झाले ते सांगाच, पण त्यानंतर तक्रारी किती घटल्या, तेही सांगा!