ट्रॅक्टरखालची शेकोटी

थंडी पडली की आमच्या धाडमध्ये सकाळी दोन शेकोट्या दिसतात. एक ओट्यासमोर, माणसांची. दुसरी ट्रॅक्टरच्या पोटाखाली! ऑइल चेंबरखाली पऱ्हाट्या पेटवायच्या, आणि वर डिझेलची टाकी, रबरी नळ्या, वायरी. याला काय म्हणायचं, मंडळी?

आपली थंडी ती केवढी! कॅनडात उणे ३० अंशांत इंजिनाला विजेचा हीटर लावतात, तिथे तो लागतोच. आपल्याकडे पारा आठ-दहावर आला तरी डिझेल काही गोठत नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबामुळे हवा तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. इंजिन जोरात फिरलंच नाही तर हवा तापणार कशी? म्हणजे आधी बघायची ती बॅटरी. पण टर्मिनलवरचा पांढरा थर कोण घासणार? पऱ्हाट्या फुकट असतात ना!

खरा राग पुढेच आहे. हेच लोक उन्हाळ्यात 'ट्रॅक्टर गरम होतो' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. मिस्त्रीने सांगितलं म्हणे! अहो, पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापेस्तोवर ते रेडिएटरकडे जाऊ न देणं, हेच तर त्याचं काम. ते नसलं की सुरू झालेलं इंजिनही बराच वेळ थंडच चालतं. डिझेल जास्त पितं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लायनर झिजतात. जे इंजिन सकाळी जाळ लावून तापवलं, तेच दिवसभर गार ठेवायचं!

उन्हाळ्यात गरम होत असेल तर रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढा, फॅनबेल्ट ताणून बघा. आणि तो थर्मोस्टॅट परत बसवा.