दारातली खुर्ची

१९४८ साली ओक्लाहोमा विद्यापीठाला न्यायालयाच्या दट्ट्यामुळे एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमाला घ्यावे लागले. जॉर्ज मॅक्लॉरिन हे स्वतः वर्षानुवर्षे अध्यापक राहिलेले गृहस्थ. त्यांना प्रवेश मिळाला, वर्गात जागा मात्र मिळाली नाही. वर्गाला लागून असलेल्या कोनाड्यासारख्या खोलीत त्यांची खुर्ची मांडली गेली. तिथून दिसेल-ऐकू येईल तेवढेच शिक्षण त्यांच्या वाट्याला. ग्रंथालयात वेगळे टेबल, खाणावळीत वेगळे टेबल आणि जेवणाची वेळही वेगळी. कागदोपत्री मात्र ते विद्यापीठाचे रीतसर विद्यार्थी होते! हा प्रकार घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये एकमताने सांगितले.

प्रवेश आणि जागा यांतला हा फरक अमेरिका अजूनही विसरते. तिथे वर्णविषमता आणि उच्च शिक्षण यांचा विषय निघाला की चर्चा हार्वर्डच्या फाटकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना अर्जदाराच्या वर्णाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली, तेव्हापासून तर अधिकच. त्यानंतरच्या पहिल्या प्रवेशांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ वर आले, अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात ११ वरून ३ वर. हार्वर्डमध्ये ते १८ वरून १४ झाले. येलमध्ये १४ होते, १४च राहिले. हे घडणार याचा अंदाज कॅलिफोर्नियाने आधीच दिला होता. त्या राज्याने १९९६ च्या सार्वमतात असाच निर्णय घेतला आणि दहा वर्षांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सुमारे ४,८०० नव्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय होते अवघे ९६. उतारा म्हणून कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांनी पुढे ५० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वर्णनिरपेक्ष योजनांवर खर्च केली, तरी राज्याच्या लोकसंख्येचे प्रतिबिंब आपल्या वर्गांत पडत नाही, अशी कबुली त्यांनीच न्यायालयात दिली.

२०२३ च्या निकालाच्या समर्थनार्थ पुढे केला गेलेला शब्द मराठी वाचकाच्या चांगल्याच परिचयाचा आहे : गुणवत्ता. तिची शुद्धता किती, तेही हार्वर्डविरुद्धच्या याच खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण एक तर खेळाडू म्हणून निवडलेले, नाही तर माजी विद्यार्थ्यांची वा प्राध्यापकांची मुले, किंवा देणगीदारांशी संबंधित अशा खास यादीतले होते. न्यायालयाने वर्णाचा विचार बंद केला. वडिलांच्या पदवीचा विचार करायला मुभा राहिली. आजोबांपासून चालत आलेला वशिला ‘परंपरा’ ठरतो आणि आजोबांपासून चालत आलेली वंचना अप्रस्तुत ठरते, हे तर्कशास्त्र कोणत्याही देशात आणि कोणत्याही भाषेत लंगडेच.

मुळात हार्वर्ड दरवर्षी दोन हजारांहून कमी नवे विद्यार्थी घेते. वर्णविषमतेशी खरी झुंज दुसरीकडेच लढली गेली. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले १८६७ साली, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर दोनच वर्षांनी. तिथल्या विधी शाखेची सूत्रे १९२९ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्याकडे आली. रात्रीच्या वर्गांवर चालणारी ही शाखा त्यांनी पूर्णवेळ केली, शिस्तीने विद्यार्थ्यांना घाम फोडला आणि एकच ध्यास घेतला : वर्णभेदाचे कायदे न्यायालयात पाडू शकतील असे वकील घडवायचे. त्यांचा विद्यार्थी थर्गुड मार्शल बाल्टिमोरचा. घराजवळच्या मेरीलँड विद्यापीठाच्या विधी शाखेत कृष्णवर्णीयांना मज्जाव, म्हणून तो वॉशिंग्टनला आगगाडीने ये-जा करून शिकला. १९३३ मध्ये वर्गात पहिला आला आणि १९३६ मध्ये गुरूच्या साथीने खटला जिंकून त्याच मेरीलँड विद्यापीठाचे दार दुसऱ्या एका तरुणासाठी उघडून घेतले. मॅक्लॉरिन यांच्या वतीने युक्तिवाद करणारे रॉबर्ट कार्टर हेही हॉवर्डचेच. तो निकाल पाहायला ह्यूस्टन मात्र उरले नाहीत. सहा आठवडे आधी त्यांचे निधन झाले. १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्याची पायाभरणी अशी एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या वर्गात झाली होती.

वैद्यकीत हीच कथा अधिक कडू आहे. वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने दर्जाच्या कसोटीवर सातपैकी पाच कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालये निकालात काढली. उरली हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी. पुढची कित्येक दशके देशातले बहुसंख्य कृष्णवर्णीय डॉक्टर या दोनच संस्थांतून बाहेर पडले. आज सर्व शाखांची मिळून ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये शंभराच्या आसपास आहेत.

या संस्थांना सरकारने दिले काय? १८९० च्या संघीय कायद्याने राज्यांना पर्याय दिला होता : संघीय जमिनीच्या अनुदानातून उभारलेल्या आपल्या महाविद्यालयांत सर्व वर्णांच्या मुलांना घ्या, नाही तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढून निधीची न्याय्य वाटणी करा. दक्षिणेकडील राज्यांनी संस्था काढल्या आणि वाटणीकडे पाठ फिरवली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवून हिशेबच मांडला. १९८७ ते २०२० या काळात गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या तुलनेत या संस्थांना मिळून १२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी मिळाली; एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचे २.१ अब्ज.

पैशाच्या वाटणीचा हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधी सज्जनांना अर्पण केली, हे आपण अभिमानाने सांगतो. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी केलेली तक्रार मात्र कमी आठवते. ती पैशाची होती : महसूल शेतकऱ्याकडून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरिष्ठ वर्गाच्या पदरी पडतो. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. आंबेडकर केवळ जागा मागून थांबले नाहीत. त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. जागा मागण्याबरोबर आपल्या संस्थाही उभाराव्या लागतात, हे ह्यूस्टन यांनाही उमगले होते.

पदवीने सारे भरून निघते, असा भाबडेपणा इथे नको. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. ज्याच्या घरी विकायला घर नाही आणि गहाण टाकायला जमीन नाही, तो कर्ज काढून शिकतो आणि पगारातून व्याज फेडत राहतो. म्हणून तर प्रश्न हार्वर्डच्या टक्केवारीपेक्षा स्वस्त आणि सशक्त अशा सार्वजनिक विद्यापीठांचा आहे.

मेरीलँडमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या समर्थकांनी न्याय्य वाट्यासाठी २००६ मध्ये राज्याविरुद्ध खटला भरला. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, राज्याने दहा वर्षांत ५७.७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. टेनेसीत २०२४ मध्ये राज्याने थकबाकी चुकती करण्याऐवजी टेनेसी स्टेटचे विश्वस्त मंडळच बरखास्त करून टाकले.