नाट्यपदाला वन्समोअर, जलशाला डीजे

संगीत नाटकाचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही सदाशिव पेठेची करमणूक, आपला तिच्याशी काय संबंध? दुसरा तट गुपचूप तिकीट काढून जाऊन येतो, आठवडाभर पदं गुणगुणतो आणि बैठकीत त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आम्हाला दोन्ही भूमिका मान्य नाहीत. आम्ही संगीत नाटकं बघतो. गाणं चांगलं झालं तर टाळीही वाजवतो. पण कुणाचा सूर, कुणाचा गळा आणि कुणाची तिजोरी, हा हिशेब मागितल्याशिवाय नाट्यगृहाबाहेर पडत नाही.

हा हिशेब मागायचा तर थोडं मागे जावं लागतं. मराठी रंगभूमीचा इतिहास शाळेत शिकवतात तो असा: १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांचं 'सीता स्वयंवर', १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल', मग 'सौभद्र', मग सुवर्णकाळ. या दोन तारखांच्या मध्ये १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं, ही गोष्ट नाट्यशिक्षणाच्या वर्गातसुद्धा पुरवणीसारखी येते. पुराणातले देव नव्हेत, तर गर्भवती बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि लुबाडलं जाणारं शेतकरी जोडपं हे त्या नाटकाचे नायक-खलनायक. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. शकुंतलेला रंगमंच मिळाला, कुणब्याच्या बायकोला मिळाला नाही. इथूनच सुरुवात आहे.

आता सुरांचं बघू. किर्लोस्करांनी पदांना चाली कुठून आणल्या? कीर्तनातून, साकी-दिंडीतून, लावणीसारख्या लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांतून. लावणी कुणाची? ती फडात उभी राहून गाणाऱ्या कोल्हाटी, महार, मांग कलावंतांची. पुढे १९११ साली 'मानापमान' आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. ठुमरी, कजरी, होरी असा उत्तरेकडचा ऐवज त्यांनी मराठी रंगभूमीवर आणला. तो ऐवज तवायफांच्या कोठ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला होता. म्हणजे ज्या बायकांच्या दारावरून जायला अब्रूदार लोक लाजत होते, त्यांच्या गळ्यातली चाल नाटकात आली की तिचं 'नाट्यपद' होत होतं आणि ते अब्रूदार घरातल्या मुलीला पेटीवर शिकवलं जात होतं. चाल तीच, गळा बदलला आणि जात बदलली.

यावर कुणी म्हणेल, कला अशीच वाहत असते, घेणं-देणं चालणारच. अगदी मान्य. आमचा आक्षेप घेण्याला नाही. घेतलं त्यांचं नाव पुसलं, याला आहे.

बालगंधर्वांबद्दल आमचं मत स्पष्ट सांगतो, कारण त्यावरून मित्रांशी नेहमी वाद होतात. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली की आवाजाबद्दल शंका उरत नाही. शब्द न तोडता सूर कसा ठेवायचा, हे त्यांच्याकडून आजचे गायकनट शिकू शकतात. प्रश्न त्यांच्या गळ्याचा नाही, त्यांच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांचा आहे. नारायणराव राजहंस लुगडं नेसून उभे राहिले की तो स्त्रीत्वाचा आदर्श ठरत होता आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकत होत्या. त्याच काळात त्याच महाराष्ट्रात खरी बाई रंगमंचावर उभी राहिली की ती 'नाचीण' होती. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली नाटक कंपनी काढून स्वतः भूमिका करायला सुरुवात केली, तेव्हाही त्यांना आपण अब्रूदार आहोत हे आधी सिद्ध करावं लागलं. पुरुषानं साडी नेसली तर पद्मभूषण, बाईनं पायात चाळ बांधले तर बदनामी. याला लिंगभाव म्हणा की जात, आम्हाला दोन्ही एकाच दोरीचे पदर वाटतात.

सगळी संगीत रंगभूमी एकाच जातीची होती, असं मात्र कुणी म्हणू नये. केशवराव भोसले कोल्हापूरचे. गरिबीतून लहानपणीच नाटक कंपनीत गेलेला पोरगा, पुढे 'ललितकलादर्श'चा मालक आणि गायकनट म्हणून बालगंधर्वांच्या तोडीस तोड. त्यांच्या मागे राजर्षी शाहू महाराज उभे होते. महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधून घेतलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळालं. वेदोक्त प्रकरणात ज्या राजाला शूद्र ठरवलं त्यानं नाट्यगृह उभारलं, ही गोष्ट त्या आगीनंतरच्या हळहळीत फारशी कुणी काढली नाही. इमारत पुन्हा उभी राहील, तेव्हा तरी हा इतिहास तिच्या भिंतीवर लिहिला पाहिजे. कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी.

याच केशवरावांचं आणि बालगंधर्वांचं 'संयुक्त मानापमान' ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालं. नाट्यरसिक आजही त्या रात्रीबद्दल कालच पाहिल्यासारखं बोलतात. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. इथे आमचे कान टवकारतात. कारण या फंडाचा हिशेब बाबासाहेबांनी पुढे 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात मांडला आहे आणि त्यातून अस्पृश्यांच्या वाट्याला किती क्षुल्लक रक्कम आली हे दाखवून दिलं आहे. मराठी संगीत रंगभूमीची सर्वात गाजलेली रात्र ज्या पेटीसाठी होती, ती पेटी आपल्या वस्तीपर्यंत पोहोचलीच नाही. नाट्यरसिकांनी हे पान जरूर वाचावं.

आणि याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवावा, जो चळवळीत कायम सांगितला जातो. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, जातीनं ब्राह्मण, तमाशाचे मोठे शाहीर. त्यांच्या फडाचा प्राण पवळा, जातीनं महार. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको, ही त्यांची भूमिका होती. एकीकडे नाटकाचा पैसा राष्ट्रकार्याला पावन, दुसरीकडे चळवळीला गरज असूनही तमाशाचा पैसा अग्राह्य. नैतिकतेचा बार कुठे उंच होता, हे वाचकांनीच ठरवावं.

पण इथे आपल्यातल्याच काही मंडळींशी आम्हाला भांडायचं आहे. बाबासाहेबांनी नाकारला तो पवळेच्या श्रमावर दुसऱ्यानं कमावलेला पैसा. त्यांनी पवळेला नाकारलं नव्हतं. पुढे मात्र या प्रसंगाचा अर्थ 'तमासगिरीण म्हणजे समाजाला कलंक' असा लावला गेला. बापूरावांवर सिनेमा निघाला, दंतकथा झाल्या, पवळा त्यांची सावली म्हणून उरली. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ सालच्या पुस्तकात तमाशातल्या दलित बायकांचा इतिहास मांडला आहे. अश्लील हा शिक्का जातीच्या हातानं कसा मारला जातो आणि आपल्या चळवळीचा या बायकांशी संबंध किती गुंतागुंतीचा राहिला, हे त्यात आहे. अभ्यासवर्गात हे पुस्तक घ्या. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभी राहिलेली, मध्येच बाळंत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर आलेली बाई. ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. आम्हाला ती ऐकताना कौतुक वाटत नाही, राग येतो. कुठल्या संगीत नाटकाच्या नायिकेवर ही पाळी आली असती? राष्ट्रपतींचं पदक मिळूनही शेवटी हलाखीतच त्या गेल्या आणि नंतर सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला.

तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातलं विष काढून टाकणारा प्रयोग आपल्याच माणसांनी केला, तो म्हणजे जलसा. आधी सत्यशोधकी, मग आंबेडकरी. गणात गणपती नाही, गवळणीत राधेची छेड नाही. ढोलकी तीच, सवाल-जवाब तोच, पण सवाल पाणवठ्याचा आणि जवाब शिक्षणाचा. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी जलसा गावोगाव नेला आणि पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकही लिहून ठेवलं. संगीत, अभिनय, संवाद, विनोद हे सगळं असलेला हा रंगप्रकार संगीत नाटक नाही तर काय आहे? फक्त त्याला नाट्यगृह नव्हतं, कंदील होता. तिकीट नव्हतं. आणि त्याचा प्रेक्षक घरी जाऊन पद गुणगुणत नव्हता, मेलेलं ढोर ओढायला नकार देत होता. (जलशातही बराच काळ बायकांची कामं पुरुषच करत. त्यामागचं कारण वेगळं होतं, तरी बाईला बोर्डावर आणण्याची भीती तिथेही होतीच, हे विसरू नये.)

१९७० नंतर शहरी रंगभूमीला अचानक 'लोक' आठवले. १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' हे त्यातलं सर्वात गाजलेलं. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि गात-नाचत उभी राहणारी ब्राह्मणांची रांग ही कल्पना जबरदस्त आहे, यात वाद नाही. पुण्याच्या पेशवाईला आरसा दाखवला म्हणून आपल्याला ते आवडतंही. पण लोककलेचे घाट घेऊन नाटक युरोपात जाऊन आलं, तेव्हा ज्यांचे ते घाट त्या फडांवर कर्ज होतं. उत्सव घाटाचा झाला, कलावंताचा नाही.

म्हणून २०१२ साल आम्हाला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी दोन नाटकं आली. एक, गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक', अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलेलं. सकाळी रस्ता झाडणारा माणूस संध्याकाळी जोतीराव म्हणून उभा राहतो, तेव्हा अभिनयाची मापं बदलतात. दुसरं, 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला'. लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव, संकल्पना आणि गाणी संभाजी भगत. कलाकार बहुतेक जालन्याकडचे, शेती करणारे. यम शिवरायांचे विचार शोधत पृथ्वीवर येतो आणि ते सापडतात भीमनगरात, एवढ्या एका कल्पनेवर नाटक हसवत हसवत अंगावर येतं. कैलाश वाघमारेंसारख्या नटाची मराठवाडी बोली कुठल्याही प्रमाण भाषेची परवानगी मागत नाही. नाट्यगृहात शिट्ट्या वाजल्या म्हणून नाक मुरडणारे होते. शिट्टी हीसुद्धा दादच आहे, वन्समोअर एवढीच जुनी. मराठी संगीत नाटकाची खरी परंपरा आम्हाला विचाराल तर ती इथे चालू आहे. 'संगीत' हा शब्द नावाआधी लावलेला नाही, एवढाच फरक.

मग अलीकडच्या 'संगीत देवबाभळी'चं काय, असं तरुण मित्र विचारतात. प्राजक्त देशमुख यांचं हे नाटक आम्हाला आवडलं. रंगमंचावर दोनच बायका, आवली आणि रखुमाई, आणि दोघींनी जिवंत गाऊन तोललेला प्रयोग. शुभांगी सदावर्ते यांची आवली देवाला शिव्या घालते, तेव्हा शतकानुशतकं चूल सांभाळणारी शूद्र बाई बोलते. पण नाटक तिचा राग भक्तीच्या पाण्यात विरघळवतं. तुकोबांच्या वह्या कुणी बुडवायला लावल्या, हा प्रश्न आवलीच्या तोंडी असता तर? तो नाही, ही आमची तक्रार आहे, आणि ती तिकीट काढून बघितल्यावर केलेली तक्रार आहे. न बघता शिव्या घालणं सोपं असतं.

आता आपल्या अंगणात. १४ एप्रिलला वस्तीत जमलेली वर्गणी कुठे जाते? डीजेच्या भिंतीत. एका रात्रीच्या भाड्यात एक जलसा पथक उभं राहतं, ढोलकी, हार्मोनिअम, दोन माइक, प्रवासखर्चासकट. वामनदादा कर्डकांनी आयुष्य झिजवून जी गाणी दिली त्यांची रीमिक्स वाजवून आपण नाचतो आणि त्याच वस्तीतला शाहीर लग्नाच्या बँडमध्ये पोट भरतो. २०१३ साली शीतल साठे यांनी विधानभवनासमोर स्वतःला अटक करून घेतली, तेव्हा गाण्याची भीती सत्तेला किती वाटते हे दिसलं. ज्या गाण्याला सत्ता घाबरते, ते आपण कानठळ्यांत बुडवायचं?

यंदाच्या जयंतीसाठी मंडळांच्या बैठका जानेवारीपासून सुरू होतात. त्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. वर्गणीतला निदान चौथा हिस्सा जलशाला. पथकात मुली गाणाऱ्या आणि बोलणाऱ्या, फक्त कोरसला नाहीत. आणि एक तारीख महापालिकेच्या नाट्यगृहात, विहाराच्या पटांगणात नव्हे. त्या नाट्यगृहाच्या वीजबिलात आपल्या वस्तीचाही कर आहे. तारीख मागायला जाताना अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. 'सांस्कृतिक कार्यक्रम' असं मोघम लिहू नका, नाटकाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत 'संगीत जलसा' असं लिहा.