पॅकेजचा तक्ता फाडून टाका

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की एमबीए आणि सीए झालेल्या पोरांच्या मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो. एका रकान्यात बँक, दुसऱ्यात व्हेंचर कॅपिटल, तिसऱ्यात टेक कंपनी. खाली पगार, बोनस, ईसॉप (कंपनीचे शेअर ठरल्या भावात घेण्याचा हक्क). क्लासवाले तो शिकवतात आणि आईबाप त्यावरून पोराची लायकी ठरवतात. मला या तक्त्याचा मनस्वी राग आहे. वित्तक्षेत्रातल्या माणसाचं खरं काम त्यात कुठेच नाही. दुसऱ्याचा पैसा चुकीच्या ठिकाणी निघाला की हात आडवा घालायचा, हे ते काम. ते कुठे करू देतात आणि ते केलं म्हणून कुठे बाजूला सारतात, हे आधी विचारा. पगार नंतर.

मी बँकेच्या कर्जविभागात घडलो. लोकांना बँक म्हणजे काउंटर आणि पासबुक वाटतं. कर्जाचं काम बघायचं तर भिवंडीच्या गोदामात जावं लागतं. पार्टी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देते आणि त्यावर कॅश क्रेडिटमधून किती उचलता येईल हे ठरतं. साहजिकच कागदावर माल फुगवण्याचा मोह कायमचा. अशाच एका गोदामात पुढच्या रांगा कापडाच्या गाठींनी खच्चून भरलेल्या होत्या. माझ्याबरोबरची नवखी अधिकारी थेट भिंतीपर्यंत गेली आणि मागची एक गाठ तिनं उसवायला लावली. आतून चिंध्या निघाल्या. मालकानं तिथूनच वरच्या साहेबांना फोन लावला. तरी तिचा शेरा फाइलवर राहिला आणि लिमिट वाढलं नाही. तो शेरा डावलायचा तर कुणाला तरी स्वतःच्या सहीनं डावलावा लागला असता, आणि ती सही करायला कुणी तयार नव्हतं. सरकारी बँकेतल्या नव्या अधिकाऱ्याचं मूळ वेतन ४८,४८० रुपये आहे. तक्त्यात हा आकडा तळाला असतो. पंचविशीतल्या मुलीचा नकार लेखी टिकतो, अशी दुसरी जागा त्या तक्त्यात मला दाखवा.

आणि हीच ताकद बँका स्वतःच्या हातानं संपवत आहेत. शाखेतल्या पोरांना सकाळी टार्गेट, संध्याकाळी झापणं. पेन्शनर बाईची एफडी मोडून तिच्या गळ्यात विमा पॉलिसी मारायची. बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे येस बँकेचे एटी-१ रोखे साध्या ठेवीदारांना ‘सुपर एफडी’ म्हणून विकले गेले. मार्च २०२० मध्ये ८,४१५ कोटींचे हे रोखे शून्य करण्यात आले. या विक्रीबद्दल सेबीनं २०२१ मध्ये बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. रोखे शून्य करण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढं होऊनही टार्गेटं गेली नाहीत. निवडक खासगी बँकांत कर्मचाऱ्यांची गळती २५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२४ च्या अहवालात नोंदवलं आहे. वर्षाला चौघांतला एक सोडून जातो आणि वरचे साहेब म्हणतात, हल्लीच्या पोरांत दम नाही. म्हाताऱ्या माणसाला फसवायला नकार देणाऱ्या पोरात दम नाही, हे म्हणायला जीभ कशी रेटते?

व्हेंचर कॅपिटलचं थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या ज्युनिअरच्या हातात फारसं काही नसतं. फंड साधारण आठ-दहा वर्षांचा, दरसाल दोन टक्के शुल्क, नफ्यात वीस टक्के वाटा, हा रूढ हिशेब. निर्णय चुकला हे सिद्ध होईपर्यंत तो घेणारा दुसरीकडे गेलेला असतो. चेक देण्याआधी शेकडो जणांना नाही म्हणता येतं, त्याला काही पडत नाही. चेक दिल्यावर मात्र पुढच्या राउंडमध्ये मूल्यांकन चढावं हेच सगळ्यांच्या सोयीचं असतं. आणि हा खेळ श्रीमंतांच्या पैशावर चालतो, आपल्याला काय, असं कुणी म्हणू नये. २०१६ साली जाहीर झालेला १०,००० कोटींचा सरकारी ‘फंड ऑफ फंड्स’ सिडबीमार्फत अशाच फंडांत जातो.

स्टार्टअपच्या फायनान्स विभागातही मी बसलो आहे. गुंतवणूकदारांना जाणाऱ्या मासिक एमआयएस अहवालात ग्राहकांनी परत केलेल्या ऑर्डरी वजा करायच्या की नाही, यावरून संस्थापकाशी माझं वाजलं. ‘राउंड होऊन जाऊ दे, मग बघू,’ असं तो म्हणाला. मी वजा केल्या. पुढच्या महिन्यापासून तो अहवाल ग्रोथ टीम बनवू लागली. ईसॉपचं तर बोलायलाच नको. शेअर घेतले की बाजारमूल्य आणि आपण भरलेली रक्कम यांच्यातल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, मग ते शेअर विकत घ्यायला कुणी असो वा नसो. २०२० च्या अर्थसंकल्पानं दिलेली कर पुढे ढकलण्याची सवलत मोजक्या पात्र स्टार्टअपपुरतीच आहे. तक्त्यात ईसॉपची कागदी किंमत ठळक अक्षरांत असते. हा कर नसतो.

२०२२ साल आठवा. बायजूज या एडटेक स्टार्टअपचं मूल्य २२ अब्ज डॉलर सांगितलं जात होतं आणि तिथली सीएफओची खुर्ची रिकामी होती. एप्रिल २०२३ मध्ये सीएफओ आले, ऑक्टोबरमध्ये गेले. मधल्या जूनमध्ये डेलॉइटनं ऑडिट सोडलं आणि गुंतवणूकदारांचे तीन संचालक बाहेर पडले. जगातल्या बड्या गुंतवणूकदारांचा नकार राजीनाम्यातून आला, तोही सगळं हाताबाहेर गेल्यावर. त्याच २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत मुख्य जोखीम अधिकाऱ्याचं पद कित्येक महिने रिकामं होतं. स्टार्टअपच्या ठेवी लांब मुदतीच्या रोख्यांत अडकल्या होत्या, व्याजदर चढत होते आणि ओरडायचं ज्याचं काम तो माणूसच जागेवर नव्हता. मार्च २०२३ मध्ये व्हेंचरवाल्यांनीच आपापल्या कंपन्यांना पैसे काढायला सांगितलं. ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या मागण्या आल्या, १० ला बँक बुडाली. तक्त्यातले तिन्ही रकाने त्या आठवड्यात एकाच खड्ड्यात होते.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा विचारा: जोखीम प्रमुख कुणाला उत्तरदायी आहे, संचालक मंडळाच्या समितीला की धंदा आणणाऱ्या साहेबाला? गेल्या पाच वर्षांत सीएफओ किती बदलले? कर्ज नाकारण्याचा शेरा वरच्यानं फिरवला तर तो लेखी फिरवतो की फोनवर? उत्तर देताना समोरचा चाचरला तर तिथे जाऊ नका, पॅकेज काहीही असो. कंपनी खासगी असली तरी तिची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कुणालाही पाहता येतात. ऑडिटर मधेच सोडून गेला असेल तर एडीटी-३ नावाच्या फॉर्ममध्ये त्यानं दिलेलं कारण तिथे सापडतं. क्लासला लाखांत फी भरणाऱ्या आईबापांनी, पोराला ऑफर स्वीकारायला सांगण्याआधी, हे शंभर रुपये भरावेत.