यादीत नसलेले नाव

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला, की पनवेलच्या शाळांच्या सूचनाफलकांवर निवड चाचणीच्या तारखा झळकू लागतात. कोकणातला पाऊस अजून ओसरलेला नसतो, मैदानात चिखल असतो, आणि त्याच चिखलात कबड्डी, खो-खो, फुटबॉलच्या चाचण्या पार पडतात. चार दिवसांनी संघाची यादी लागते. यादीत असलेल्या नावांचे कौतुक घरी, दुकानी, सोसायटीत सर्वत्र होते. यादीत नसलेल्या नावांचा विचार मात्र क्वचितच होतो; वास्तविक संख्येने ती नेहमीच अधिक असतात.

गणित सरळ आहे. कबड्डीत एका बाजूने सात खेळाडू उतरतात, खो-खोत नऊ, व्हॉलीबॉलमध्ये सहा, क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये अकरा. राखीव खेळाडू धरले तरी संघ पंधरा-सोळांच्या फार पुढे जात नाही. समजा, एखाद्या शाळेत नववी-दहावीच्या मिळून आठ तुकड्या आहेत आणि क्रिकेटच्या चाचणीला साठ मुले उभी राहिली. जागा पंधरा असतील, तर पंचेचाळीस मुलांना नकार ऐकावा लागणार, हे पहिला चेंडू पडण्याआधीच ठरलेले असते. मागणी साठाची आणि माल पंधराचा, ही स्थिती व्यापारी घरांना समजावून सांगावी लागू नये. तरीही आपल्या मुलाला नकार मिळाला, की हा हिशेब विसरला जातो आणि मुलातच काही उणे असल्याची भावना घरात शिरते.

पनवेलसारख्या गावात ही स्पर्धा अधिकच दाट झाली आहे. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने व्यापारी गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती एकाच शहराचा भाग झाल्या. कुटुंबे वाढली, शाळा वाढल्या, तुकड्या वाढल्या. मैदान मात्र इमारतीसारखे मजल्यावर मजला चढवून वाढवता येत नाही, आणि शाळा कितीही मोठी झाली तरी एका गटात तिचा संघ एकच असतो.

त्यात जन्मतारखेचाही भाग असतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि वय ३१ डिसेंबरला धरून मोजले जाते. परिणामी एकाच गटात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. तेराव्या वर्षी हे अंतर उंचीत, खांद्यांत आणि धावण्यात स्पष्ट दिसते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा ठळकपणे अधिक आढळला. निवडीच्या क्षणी थोराड दिसणारे मूल कुशल भासते, आणि उशिरा वाढणारे मूल मागे राहते. ज्याला आज नकार मिळाला, त्याचे शरीर कदाचित अजून आलेलेच नसते.

जैन कुटुंबांपुढे आणखी काही प्रश्न असतात. चातुर्मास आणि शालेय स्पर्धांचा हंगाम बहुधा एकत्रच येतात. पर्युषणात उपवास किंवा आयंबिल करणाऱ्या मुलीची चाचणी त्याच आठवड्यात येऊ शकते. सराव संध्याकाळी उशिरापर्यंत चालला, तर चौविहार पाळणाऱ्या मुलाला सूर्यास्तापूर्वी जेवता येत नाही. बाहेरगावच्या सामन्यात कंदमुळे नसलेले जेवण मिळेलच असे नाही. हे प्रश्न सुटण्यासारखे आहेत. मात्र ते चाचणीच्या आदल्या रात्री न सुटता जून महिन्यातच सुटतात. शिक्षकांना आपले नियम आधी समजावून सांगावेत, सरावाच्या पिशवीत सूर्यास्तापूर्वीचा डबा असावा, आणि मुलाला रात्री पाण्याची गरज भासणार असेल, तर चौविहाराऐवजी तिविहाराचे पच्चक्खाण घ्यावे का, हे गुरुमहाराजांना विचारावे. नियमामुळे संघ सुटला असे मुलाला वाटले, तर त्याच्या मनात नियमाविषयीच कटुता उरते.

खरी कसोटी यादी लागल्यानंतरची असते, आणि ती पालकांची असते. आपल्या समाजाने शाळांना मुक्तहस्ते देणग्या दिल्या आहेत. विश्वस्तांशी ओळखी आहेत. एक फोन केला तर पंधराऐवजी सोळावे नाव जोडले जाईल, किंवा पंधरावे नाव बदलेल, हा मोह अशा वेळी डोकावतो. दुकानात दुसऱ्याच्या मापातले एक तोळाही न घेणारा गृहस्थ इथे सहज घसरतो, कारण ही चोरी आहे असे त्याला वाटतच नाही. परंतु अचौर्य व्रताचा अर्थ अदत्त, म्हणजे न दिलेले, न घेणे असा आहे. संघातील ती जागा दुसऱ्या कोणा मुलाने पहाटे उठून, चिखलात लोळून मिळवलेली असते. तिचे मोल देणगीच्या पावतीत बसत नाही. शिवाय ओळखीने आत गेलेल्या मुलाला आपण कसे आलो हे ठाऊक असते, आणि संघातील इतर चौदा जणांनाही.

भरत-बाहुबलीची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. दोन्ही सैन्यांचा संहार टाळण्यासाठी दोघे भाऊ एकटेच समोरासमोर आले; दिगंबर परंपरेनुसार दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन लढती झाल्या. नियमांनी बांधलेली स्पर्धा आपल्या परंपरेला परकी नाही. श्वेतांबर परंपरा पुढे सांगते, की विजयी बाहुबली तपाला उभे राहिले, तरी मान कषाय उरल्यामुळे त्यांना केवलज्ञान होईना. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन त्यांना हत्तीवरून उतरण्यास सुचवले. निवडीच्या दिवसांत अनेकदा मूल जमिनीवरच असते. हत्तीवर पालक बसलेले असतात.

प्रतीक्षेचे मोल सांगणारे एक उदाहरण मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्येच आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिले. त्यांची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा आणि प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही भारताच्या संघाचे दार त्यांच्यासाठी कधी उघडले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुजुमदार होते. तो अंतिम सामना पनवेलकरांना हार्बर मार्गावर जवळच असलेल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्या सामन्यात ८७ धावा करणाऱ्या शफाली वर्मा यांचे नावही मूळ संघात नव्हते. सहकारी खेळाडूच्या दुखापतीमुळे त्यांना ऐन वेळी बोलावणे आले. बोलावणे आले तेव्हा त्या तयार होत्या.

प्रत्येक प्रतीक्षेचा शेवट असा गोड होत नाही, आणि मुलांना तसे खोटे आश्वासन देऊही नये. पंचेचाळीसपैकी बहुतेकांचे नाव पुढच्या वर्षीही यादीत नसेल. तरीही ती मुले खेळत राहावीत, हे घराच्या आणि संघाच्या हाती आहे. घरी यादी लागलेल्या दिवशी तुलना, चौकशी आणि शिक्षकांवरची टीका टाळावी. दोन दिवसांनी मुलाने स्वतः शिक्षकांकडे जाऊन आपण कुठे कमी पडलो एवढे विचारावे. पालकांनी त्याच्यासाठी बोलू नये. परीक्षेचे वर्ष आहे या सबबीवर खेळ पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्याचे काही तास राखून ठेवावेत. आणि समाजाच्या युवक मंडळांनी निवड न झालेल्या मुलामुलींसाठी रविवारची सकाळ मोकळी करून द्यावी, म्हणजे शाळेचा संघ संपतो तेथे खेळ संपणार नाही.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. यंदा ज्या घरात यादीवरून मुलाला टोचून बोलले गेले असेल, तेथे वडिलांनी पहिले ‘मिच्छामि दुक्कडम्’ त्या मुलाला म्हणावे.