वहीतली तरतूद आणि नोकराची अमानत

कोल्हापूरच्या कापड बाजारात इतकी वर्षे बसताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. पेढीचा जुना मुनीम थकतो, घरी बसायची वेळ येते, आणि मालक वही उघडून सांगतो, "चाचा, तुमची रक्कम दरसाल लिहून ठेवली आहे." लिहिलेली असते हे खरे. पण पैसा असतो गोदामातल्या ताग्यांत आणि उधारीवर गेलेल्या मालात. मग हप्ते पडतात आणि म्हातारा माणूस स्वतःच्याच पैशासाठी दुकानाच्या पायऱ्या झिजवतो. माझ्या दुकानातही एकदा असे घडले, म्हणून हे लिहितो.

हिशेब साधा आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकान-कारखान्यावर १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी बंधनकारक केली. नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. शेवटचा पगार १३,००० आणि नोकरी २० वर्षे असेल तर वर्षाला ७,५०० प्रमाणे दीड लाख रुपये होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हक्क कायम आहे.

आपले पुष्कळ व्यापारी बांधव समजतात की ही तरतूद वहीत लिहिली की तेवढा आयकर वाचला. तसे नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४०ए(७) ने नुसती तरतूद नामंजूर केली. रतलामची सज्जन मिल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली आणि १९८५ साली हरली. मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंड नसेल तर वजावट नाही. ती रक्कम नोकराला देणे झाल्याच्या वर्षीच मिळते. भागीदारी पेढीने ५०,००० ची तरतूद लिहिली तर ३० टक्क्यांनी १५,००० रुपये कर भरावाच लागतो, उपकर वेगळा.

याउलट, परत न घेता येणाऱ्या ट्रस्टमध्ये पैसा टाकला आणि आयकर खात्याची मान्यता घेतली, तर मर्यादेत राहून भरलेली वर्गणी त्याच वर्षी खर्चात धरली जाते. फंडाच्या व्याजावरही कर नाही. पेन्शनच्या सुपरअॅन्युएशन फंडालाही हीच सवलत आहे. मात्र नियमित पेन्शन सुरू झाल्यावर ती पेन्शनरच्या उत्पन्नात मोजली जाते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले.

हे तत्त्व मला योग्य वाटते. ट्रस्ट म्हणजे अमानत. ज्या पैशावर मालकाचा हात अजून आहे, तो नोकराला दिला असे कसे म्हणावे? काही मालकांनी नोकरांच्या नावाने ट्रस्ट काढले, वजावट घेतली आणि तोच पैसा धंद्यात फिरवला. म्हणून १९८४ साली कलम ४०ए(९) आणून, मान्यता नसलेल्या ट्रस्टना दिलेल्या वर्गण्यांची वजावट १९८० पासूनच बंद करण्यात आली.

तक्रार आहे ती पद्धतीबद्दल. ट्रस्टचा दस्त, नियमावली, विश्वस्त, मान्यतेचा अर्ज, हे सारे बारा माणसांच्या पेढीलाही मोठ्या मिलप्रमाणेच करावे लागते. कोइमतूरच्या टेक्स्टूल कंपनीने पैसे ट्रस्टऐवजी थेट एलआयसीकडे, ट्रस्टच्याच पॉलिसीसाठी भरले, तर खात्याने वजावट नाकारली. १९८३-८४ च्या आकारणीचा हा वाद २००९ साली कंपनीच्या बाजूने मिटला. इतकी वर्षे लढण्याची ताकद आपल्यात कुणाकडे आहे? लहान पेढ्यांसाठी सरकारने एक छापील नमुना-दस्त आणि मान्यतेची ठरावीक मुदत द्यावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर हात बांधून बसू नये. आपल्या सीएशी बोलावे आणि एलआयसीच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेची चौकशी करावी. दहाचा आकडा टाळण्यासाठी हजेरीपट दोन नावांत वाटण्याची युक्ती तर सोडूनच द्यावी. १९७२ च्या कायद्यातही एकदा लागू झालेला नियम माणसे कमी झाली म्हणून सुटत नव्हता.

इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून जॉबर, कांडीवाल्या, वहिफणीवाले यांच्या किती पिढ्या मागांच्या आवाजात म्हाताऱ्या झाल्या. त्यांची रक्कम आपल्या वहीत नको, त्यांच्या नावाने बाहेर ठेवलेली हवी. कर वाचेल तो वाचेल. मुनीमचाचाला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, ही कमाई मोठी आहे.