घरट्याचा वृक्ष

समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्याचे सर्वस्व समुद्रातच असते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आढळतो. मासे आणि समुद्रसर्प हे त्याचे भक्ष्य. घरटे मात्र बहुधा किनाऱ्यालगतच्या उंच वृक्षावर. काटक्यांचे ते अवजड घरटे तो वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो, आणि ते वाढतच जाते. हा भार पेलण्यास आंबा-वडासारखा जुना, भक्कम वृक्षच हवा.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'मार्बल्ड मर्लेट' या लहानशा समुद्रपक्ष्याची कथा तर याहून विलक्षण आहे. शास्त्रज्ञांनी त्यास १७८९ साली नाव दिले. परंतु कॅलिफोर्नियात त्याचे झाडावरील घरटे प्रथम सापडण्यास १९७४ साल उजाडावे लागले! पुराणवृक्षाच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर तो एकच अंडे घालतो. असे वृक्ष तुटत गेले आणि १९९२ साली तेथील सरकारने त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत केली.

"एक झाड तोडले तर दहा लावू," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रोप विकत मिळते. वय विकत मिळत नाही. आज लावलेल्या रोपावर उद्याचा गरुड घरटे कोठून बांधणार?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या गरुडास संरक्षण दिले आहे. तथापि कोकणातील पुष्कळशी झाडी खाजगी मालकीची आहे. मुलीच्या लग्नासाठी झाड विकणाऱ्या बापास दोष देणे सोपे आहे. वृक्ष त्याने राखावा आणि कौतुक मात्र आपण करावे, हा न्याय नव्हे. घरट्याचा वृक्ष राखणाऱ्यास सरकारने योग्य मोबदला दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पांडेसऱ्यातील गिरण्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांस याचे काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे अजून घरे-शेते आहेत. विद्यार्थिमित्रांनो, सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या बांधावरील सर्वांत जुना वृक्ष कोणता, तो कोणी लावला, हे आजोबांस विचारा. त्यावर कोण कोण वस्ती करते, तेही पाहा. पुढेमागे तो विकण्याची गोष्ट घरात निघेल, तेव्हा त्या मुक्या बिऱ्हाडकरूंच्या वतीने बोलणारे घरात एक तरी माणूस असावे. ते तुम्ही व्हा.